चोविसाव्या हिश्श्यातली सफारी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतून लाकडी बैलांची जी मिरवणूक निघते, तिच्याकडे विदर्भाबाहेरचा मनुष्य प्रथम कौतुकाने आणि मग किंचित विस्मयाने पाहतो. कारण चाकांवर उभ्या असलेल्या त्या बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ असा खऱ्या बैलाचा सगळा सरंजाम असतो, आणि तो यथास्थित असावा याविषयी मुलांपेक्षा त्यांच्या बापांचाच आग्रह अधिक असतो. ज्या मुलखात तान्हा पोळा इतक्या गांभीर्याने साजरा होतो, त्या मुलखात एखादा प्रौढ कारकून, शिक्षक वा औषधविक्रेता रात्रीचे जेवण आटोपल्यावर टेबलावर दिवा ओढून घेऊन वीतभरापेक्षा आखूड अशी प्लास्टिकची मोटार जुळवीत आणि रंगवीत बसला, तर त्याच्या उद्योगाला पोरखेळ म्हणण्याचा हक्क कोणास पोहोचतो हे मला उमगलेले नाही. तरी तो शब्द ऐकू येतो, आणि बहुधा घरातूनच येतो. म्हणून या उद्योगाची हकीकत सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

या छंदाची सामग्री पुठ्ठ्याच्या एका पेटीत येते. पेटीच्या झाकणावर धुरळा उडवीत वळण घेणाऱ्या मोटारीचे भरधाव चित्र असते, आत मात्र मोटार कोठेच दिसत नाही. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरून काढलेल्या आयताकृती चौकटी, ज्यांना जाणकार मंडळी ‘स्प्रू’ म्हणतात, त्या चौकटींना बारीक देठांनी चिकटलेले सुटे भाग, चार टायर, पारदर्शक काचांचा एक संच, पाण्यात भिजवून सोडवायच्या छापील चिन्हांचा एक कागद आणि अनुक्रमांक घातलेले सूचनापत्र, एवढाच ऐवज तीत असतो. प्रमाण बहुधा एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस मिलिमीटर नमुन्यात एक मिलिमीटर होतात. जुन्या इंग्रजी मापांत हेच प्रमाण एका फुटाला अर्धा इंच असे सुबक बसते. सुमारे ४.१ मीटर लांबीची डॅटसन २४०झेड या हिशेबाने १७ सेंटिमीटरांत मावते.

असे संच बनविण्याची विद्या विलायतेत वाढली आणि जपानात परिणत झाली. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचा नमुना काढला तो त्या ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांच्या जाहिरातीसाठी. पुढे १९५२ मध्ये ड्रेकचे ‘गोल्डन हाइंड’ जहाज वूलवर्थच्या स्वस्त दुकानांतून विकले गेले, आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा एक नवा व्यासंग जन्मास आला. जपानात शिझुओका हे एकच शहर या धंद्याचे माहेर ठरले. हासेगावा तेथली, १९४१ ची. तामियाही तेथलीच, आणि १९४६ साली तिचा आरंभ झाला तो लाकडाच्या वखारीने. वखारीच्या मालकांनी प्रथम लाकडी नमुने केले आणि प्लास्टिककडे ते १९६० च्या सुमारास वळले. अलीकडे बेल्जियमच्या बेलकिट्सने केवळ रॅलीच्या मोटारींवर लक्ष केंद्रित करून या क्षेत्रात चांगला जम बसविला आहे. आपल्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला या आगगाडीचा, जिचे मँचेस्टरला १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत रुळांवर होते, असा संच मात्र बाजारात मिळत नाही. वऱ्हाडच्या छांदिष्टाने ती उणीव स्वतःच्या हातांनी भरून काढावी हे उचित. परंतु तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

आता रॅली. ही गोल मैदानातल्या फेऱ्यांची शर्यत नव्हे. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात. चालकासमोर प्रतिस्पर्धी नसतो, घड्याळ असते, आणि वाटेतल्या निरनिराळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडीचा वेळ सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत मोजला जाताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मात्र दोन टप्प्यांमधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून, रहदारीचे सारे कायदे पाळून करावा लागत असल्यामुळे रॅलीच्या गाडीला नंबरपाटी, दिवे आणि मागचे लाल दिवेसुद्धा असावेच लागतात. चालकाशेजारी दुसरा मनुष्य असतो, तो वळणावळणाची टिपणे मोठ्याने वाचून दाखवितो. दोघांची नावे, राष्ट्रध्वजांसह, खिडकीपाशी लिहिलेली असतात. आतली गादी, अस्तर, मागचे आसन सगळे काढून टाकून त्या जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा उभारलेला असतो. पोटाखाली दगडधोंड्यांचा मार झेलणारा जाड पत्रा असतो. चाकांमागे चिखल अडविणारे पडदे लोंबत असतात. शोरूममधली मोटार आणि ही मोटार यांच्या मूळ आकृतीत भेद फारसा नसतो. सारा भेद तपशिलात असतो, आणि नमुना करणाऱ्याचे काम तपशिलावरच चालते.

भारताचा या खेळाशी संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमधल्या गाड्या खैबर ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईला उतरल्या आणि तेथून ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराला गेल्या. १९८० साली मुंबईच्या नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. नाशिकच्या परिसरातली रॅली राष्ट्रीय स्पर्धामालिकेत नाव मिळवून आहे, पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅली धावले आहेत, आणि २०१९ मध्ये गौरव गिल यांना मोटारशर्यतींसाठी पहिलाच अर्जुन पुरस्कार मिळाला. वऱ्हाडचा रस्ता जगाच्या दप्तरात नोंदला गेला तो मात्र अगदी विरुद्ध कारणासाठी. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना हा ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरून गिनेस विक्रम करण्यात आला. त्याआधी अनेक वर्षे ज्यांनी या मार्गाने प्रवास केला, त्यांना रॅलीचा अनुभव विनामूल्य मिळत होता, अशी कुरकुर आजही दोन्ही शहरांत ऐकू येते.

परंतु वऱ्हाडी हस्तकौशल्याला साजेशी गाडी कोणती, असे मला विचाराल तर मी युरोपातल्या बर्फाळ घाटांकडे न जाता पूर्व आफ्रिकेकडे बोट दाखवीन. इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाप्रीत्यर्थ १९५३ साली केनिया, युगांडा आणि टांगानिका या मुलखांत सुरू झालेली सफारी रॅली पुढे जगातली सर्वांत कठोर रॅली म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या काळी ती रहदारीसाठी बंद केलेल्या टप्प्यांत न होता उघड्या रस्त्यांवर, गुरे, ट्रक आणि पादचारी यांच्यामधून, सुमारे पाच हजार किलोमीटरांच्या पल्ल्यावर चाले. आणि ईस्टरच्या सुमारास, ऐन पावसाच्या तोंडावर ती भरत असल्यामुळे सकाळी आंधळे करणारी धूळ आणि दुपारी आसापर्यंत चिखल असे दोन्ही भोग एकाच दिवसात गाडीच्या कपाळी येत. या रॅलीत भारतीय वंशाच्या माणसांनी जे यश मिळविले त्याची दखल आपल्याकडे फार कमी घेतली गेली. सरदार जोगिंदर सिंग यांनी १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा ती जिंकली. युगांडात जन्मलेले आणि इदी अमीनच्या राजवटीत केनियात आलेले शेखर मेहता यांनी १९७३ मध्ये, म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या पहिल्याच वर्षी, डॅटसन २४०झेड हाकून विजय मिळविला. स्वीडनच्या हॅरी कॅलस्ट्रोम यांच्याशी त्यांची बरोबरी झाली होती आणि नियमाच्या आधारे निकाल मेहतांच्या बाजूने गेला. त्यानंतर १९७९ पासून १९८२ पर्यंत सलग चार वेळा ते पुन्हा विजयी झाले. पाच विजयांचा हा मनुष्य २००६ मध्ये निवर्तला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला किती जागा दिली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

केनियाच्या पठारांवर गाड्यांना गिळणारी ती जमीन कोणती? ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली, ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी काळी माती. तिथले अभियंते आणि रॅलीवाले तिला कापसाची काळी माती असेच म्हणतात. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली आपली रेगूर आणि ती, यांच्या गुणधर्मांत विलक्षण साम्य आहे. बार्शीटाकळीच्या किंवा दर्यापूरच्या शेतातून आषाढात बंडी काढताना आसाला बिलगणारा चिकण गारा आणि मेहतांच्या डॅटसनच्या चाकांना बिलगलेला चिखल यांचा स्वभाव एकच. शिझुओका, ब्रुसेल्स किंवा मिलान येथे बसून सफारीची गाडी करणाऱ्या छांदिष्टाला ही माती बाटलीतून, रंगद्रव्याच्या रूपात, पैसे मोजून आणावी लागते. अकोल्याच्या माणसाला ती अंगणात मिळते. एवढ्या एका बाबतीत तरी आपण जगातल्या कोणत्याही नमुनाकारापेक्षा अधिक भाग्यवान आहोत, आणि या भाग्याचा उपयोग कसा करावा हे सांगण्यासाठीच खरे तर मी लेखणी उचलली आहे.

तथापि चिखलापर्यंत पोहोचण्याआधी गाडी उभी राहिली पाहिजे. हासेगावाने १९७१ च्या सफारी-विजेत्या २४०झेडचा संच काढलेला आहे. तो एडगर हेरमान आणि हान्स श्यूलर यांच्या गाडीचा, लाल अंगाचा आणि काळ्या बॉनेटचा. काळा रंग शोभेसाठी नव्हे. बॉनेटवरून परावर्तित होणारे विषुववृत्तीय ऊन चालकाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो निस्तेज काळा ठेवीत. संच आणल्यावर सगळ्या चौकटी कोमट साबणपाण्याने धुऊन वाळवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांवर राहिलेला असतो आणि पुढे रंग त्या जागी धरत नाही. भाग चौकटीतून ओरबाडू नयेत. कटरने देठ किंचित लांब ठेवून कापावा आणि उरलेला खुंट धारदार पात्याने व बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करावा. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे प्रत्येक भागावर एक बारीक शिवण उमटलेली असते. नवशिक्याला ती दिसत नाही, आणि रंग चढल्यावर तीच प्रथम दिसते.

चिकटविण्याच्या द्रवाविषयी सामान्य गैरसमज मोठा आहे. हा द्रव गोंदासारखा दोन भागांमध्ये बसून राहत नाही. तो पॉलिस्टायरीनला क्षणभर विरघळवितो, दोन पृष्ठभागांचे रेणू एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि मागे जो सांधा राहतो त्यात जोडणारे तिसरे द्रव्य उरतच नाही. म्हणून भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत, बोटांनी धरून ठेवावेत आणि मग कुंचल्याचे टोक सांध्यावर नुसते टेकवावे. केशाकर्षणाने द्रव आपणच फटीत धावतो. काचांना मात्र हा द्रव लावणे म्हणजे त्यांचा घात करणे होय. क्षणात चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटच्या वाफांनीही पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते. काचांसाठी सुताराच्या दुकानातले साधे फेव्हिकॉल उत्तम, कारण ते दुधासारखे लागते आणि वाळल्यावर निर्मळ होते. फटी राहिल्याच तर लांबी भरावी, वाळू द्यावी आणि पाण्याच्या हाताने घासावी. गॅरेजमधला डेंटिंग-पेंटिंगवाला खऱ्या गाडीला जे करतो तेच.

रॅलीच्या गाडीचा आतला भाग या कामात सर्वांत जास्त वेळ खातो, आणि खाऊ द्यावा. पिंजऱ्याच्या नळ्या, आसनांचे पट्टे, टिपणे वाचण्यासाठी लवचिक दांडीवरचा छोटा दिवा, अग्निशामक, दोघांच्या शिरस्त्राणांची जागा हे सगळे काचेआड जाऊन अर्धवट अदृश्य होते, तरी त्यावरची मेहनत वाया जात नाही. पट्ट्यांची बकले करण्यासाठी रसायनाने कोरलेले पितळी पत्रे स्वतंत्र विकत मिळतात. त्यांतला एखादा भाग चिमट्यातून उडाला तर तो सापडण्याची आशा सोडावी. खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या कडांसाठी अतिशय पातळ चकचकीत धातूची बेगड चिकटवून कडेने कापतात. ही युक्ती परदेशातली पुस्तके मोठ्या विस्ताराने शिकवितात, पण बैलाच्या शिंगावर सुरकुती न पडू देता बेगड बसविलेल्या कोणाही वऱ्हाडी माणसाचा हात तीत आधीच बसलेला असतो.

रंगकामाला लागले की वऱ्हाडच्या हवामानाशी वाटाघाटी कराव्या लागतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जाणे ही आता बातमी राहिलेली नाही. अशा उन्हाळ्यात एअरब्रशच्या ०.३ मिलिमीटरच्या तोटीतून सुटलेले रंगाचे कण गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळतात आणि पृष्ठभागावर ओले होऊन पसरण्याऐवजी कोरड्या भुकटीसारखे बसतात. हात फिरवावा तर पॉलिश पेपरचा भास होतो. उपाय दोन. रंगात वाळण्याची गती मंदावणारे द्रव्य मिसळावे, किंवा पहाटे काम उरकावे. यावर कोणी कूलर लावण्याचा सल्ला दिल्यास तो तत्काळ फेटाळावा. कूलरच्या ताटीतून येणारा वारा ओलावा आणतो, सोबत वाळ्याची कुसळेही आणतो, आणि ताज्या लाल रंगात रुतलेले एक कुसळ म्हणजे चोवीसपट मोजले तर बॉनेटवर पडलेली काठीच.

पावसाळ्याची तऱ्हा निराळी. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर दुधाळ पांढुरकी छटा येते. खरा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. परंतु नेमके तेव्हाच जिनिंग सुरू असते, आणि जिनाजवळच्या वस्तीत राहणाऱ्याला हवेत तरंगणाऱ्या रुईच्या तंतूंशी गाठ पडते. त्यासाठी स्नानगृहात थोडे गरम पाणी शिंपडून हवेतली धूळ खाली बसवावी, ओलावा निघून जाऊ द्यावा आणि मग तेथेच दार लावून फवारणी करावी. हवा खेळती ठेवण्याचा नियम आणि धूळ रोखण्याचा नियम एकमेकांच्या विरुद्ध जातात खरे. म्हणून द्रावकाची वाफ अडविणारा मुखवटा अनिवार्य समजावा. विशेषतः मोटारींच्या दुकानात मिळणारा दोन घटकांचा चकचकीत क्लिअर वापरणार असाल, तर त्यातली आयसोसायनेटे फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे या बाबतीत हयगय नको.

नमुन्यांसाठी बनविलेले फवाऱ्याचे डबे परदेशातून विमानाने येऊ शकत नाहीत, कारण ज्वालाग्राही माल म्हणून त्यांना मनाई आहे. परिणामी आपल्याकडे ते महाग पडतात. अमरावती आणि अकोला येथील मोटाररंगांच्या दुकानांत पाहिजे ती छटा मिसळून मिळते आणि पुष्कळ छांदिष्ट तीच वापरतात. फक्त हे ध्यानात ठेवावे की त्या रंगांचा थिनर खऱ्या पत्र्यासाठी असल्यामुळे पॉलिस्टायरीनला चरतो. त्याला रोखण्यासाठी प्रथम प्रायमरचा आणि मग रंगाचा अत्यंत विरळ, जवळजवळ कोरडा हात मारून तो वाळू द्यावा; ओला, चमकदार हात शेवटी. लाल रंग करड्या प्रायमरवर मलूल दिसतो, म्हणून त्याखाली पांढरा किंवा फिका गुलाबी थर हवा. संपूर्ण गाडी लाल झाल्यावर बॉनेटभोवती मास्किंग टेप लावून काळा फवारावा, आणि टेप रंग पुरता कडक होण्याआधी, मागे दुमडीत, हळूच काढावी.

चिन्हांचा कागद हे प्रकरण नाजूक आहे. चिन्ह कापून पाण्यात काही क्षण भिजवायचे, कागदावरून सरकवून गाडीवर न्यायचे, कापसाच्या बोळ्याने पाणी टिपायचे, आणि वर मऊ करणारा द्रव लावला की ते पत्र्यांच्या फटींत व उंचवट्यांवर रंगासारखे बसते. जुन्या संचांतले कागद पिवळे पडलेले असतात. अशा वेळी तो कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला लावावा. विलायतेत या उपायाला आठवडे लागतात, वऱ्हाडच्या चैत्रात तो किती लवकर फळतो हे पाहण्यासारखे आहे. सिगारेट कंपन्यांची नावे, जी कित्येक प्रसिद्ध रॅलीगाड्यांवर ठळक होती, ती अनेक संचांतून जाहिरातबंदीमुळे गाळलेली असतात आणि इतिहासाशी इमान राखू पाहणाऱ्याला ती स्वतंत्रपणे मिळवावी लागतात. मेहतांची १९७३ ची गाडी करावयाची तर १९७१ च्या संचातले क्रमांक आणि नावे बदलून नवी करून घ्यावी लागतात, जुनी छायाचित्रे धुंडाळावी लागतात, दिवे कोठे होते, पाटी कोणती होती, याची चौकशी करावी लागते. येथे हा छंद बखरकाराच्या कामाजवळ जातो. नमुना कोणत्यातरी डॅटसनचा असून भागत नाही. तो अमुक वर्षीच्या, अमुक जोडीच्या, अमुक दिवशीच्या गाडीचा दस्तऐवज असला पाहिजे.

आणि दिवस ठरला म्हणजे चिखल ठरला. या विषयात दोन पंथ आहेत. एक पंथ गाडी आरशासारखी लखलखीत ठेवतो; आरंभरेषेवर उभी असलेली गाडी अशीच असते, असे त्याचे म्हणणे, आणि ते तर्काला धरून आहे. मी दुसऱ्या पंथाचा. मात्र त्या पंथातले बहुसंख्य लोक गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर तपकिरी रंगाचा एकसारखा फवारा मारून मोकळे होतात, त्यांच्यापेक्षा स्वच्छतावादी परवडले. चिखलाला दिशा असते. पुढचे चाक तो दारांच्या खालच्या भागावर, मागे आणि वर फेकते. मागचे चाक बंपरावर आणि मागच्या काचेवर फेकते. दिवे, काच आणि नंबरपाटी प्रत्येक थांब्यावर पुसली जातात, म्हणून ती इतर भागांहून स्वच्छ हवीत, आणि पुसणाऱ्याच्या हाताचा ओघळही तेथे दिसावा.

आता मातीचा हिशेब. बहुतेक नवशिके बागेतली रेती गाळून लावतात. अर्ध्या मिलिमीटरचा रेतीचा कण चोवीसने गुणला की १२ मिलिमीटरचा खडा होतो. असे हजारो खडे दाराला चिकटलेली गाडी कोणी पाहिली आहे? आपली काळी माती या कसोटीला उतरते, कारण तीत चिकणमातीचा अंश मोठा आणि चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनांहूनही लहान असतो. चोवीसपट केल्यावरही तो धूळच राहतो. शेतातले ढेकूळ आणून पाण्यात कालवावे, जड रेती तळाशी बसू द्यावी, वरचे गढूळ पाणी निराळ्या भांड्यात ओतून वाळवावे आणि उरलेली भुकटी मलमलीतून चाळावी. सरळ लावली तर ती फार काळी दिसते. छोट्या वस्तूवर गडद रंग अधिक गडद भासतात, म्हणून तीत थोडी राख किंवा फिक्या रंगाची भुकटी मिसळावी. निस्तेज व्हार्निशाच्या पातळ द्रवात कालवून ती कुंचल्याने चाकांच्या मागे झटकली म्हणजे शिंतोडे दिशेनुसार पडतात. कोरडी भुकटी मऊ ब्रशने वरच्या भागावर लावली की धुरळा होतो. थर जाड मात्र देऊ नये. ही माती नमुन्यावरही आपला मूळ स्वभाव सोडत नाही, आणि वैशाखातल्या शेतासारखी दोन दिवसांत भेगाळते. चाकांच्या कमानीआतला वाळलेला गारा दाखवायचा असेल, तर याच दुर्गुणाचा खुबीने उपयोग करून घेणारेही आहेत.

धूळ बसविण्याआधी पुढच्या काचेवर वायपरच्या फेऱ्याएवढे दोन पंखे मास्किंग टेपचे कापून चिकटवावेत. धूळ झाल्यावर ते काढले की दोन स्वच्छ कमानी उरतात आणि गाडी आत्ताच थांबल्यासारखी दिसते. यानंतर एकच काम राहते, ते अँटेनाचे. उरलेल्या स्प्रूची दांडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून किंचित वर धरून फिरवावी, ती मऊ पडली की ज्योतीबाहेर आणून दोन्ही टोकांनी ओढावी, म्हणजे केसाइतका बारीक, लवचिक तंतू निघतो. तो काळा रंगवून, बोटभर कापून, छतावरच्या भोकात फेव्हिकॉलच्या थेंबाने उभा करावा. अशा तीन-चार अँटेना एकाच बैठकीत करून डबीत ठेवाव्यात, कारण गाडी पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा ती हातात घेतोच, आणि घेताना नेमकी छतावरूनच उचलतो.